कान तयार होतोय!

तुम्ही त्याला ओळखता. पोर पावणेदोन वर्षांचं, बाप पस्तिशीचा, आणि नुकतं बोलायला लागल्याचा उत्साह दोघांपैकी बापालाच जास्त. इतरांची मुलं मम् मागतात, भूभू बघून हरखतात, काऊला हाक मारतात. याचं मूल मात्र जे काही बोलतं ते संगीतावरचं मत असतं, अशी याची खात्री. वरणभाताच्या घासासाठी पोराने ‘आ’ केला, की हा म्हणणार, “आकार बघितलात? किती मोकळा!” चमचा ताटलीवर आपटला, की समेवर आला. आजीच्या मांडीवरून घसरून भोकाड पसरलं, तर “तार षड्ज, आणि जराही चढा नाही.” सवाई गंधर्व महोत्सवात बापाच्या खांद्यावर ते गाढ झोपलं, तर तल्लीन झालं. या सगळ्या निरीक्षणांचा समारोप एकाच वाक्याने होतो : “कान तयार होतोय!” पोराने कानात शेंगदाणा घातला आणि तो डॉक्टरांकडून काढून आणावा लागला, तरी परतताना याच्या चेहऱ्यावर समाधान असतं. कानाकडे लक्ष गेलं ना त्याचं! म्हणजे तयार होतोय.

मुलाच्या लशींचं वेळापत्रक आईच्या फायलीत असतं. संगीताचं याच्या डोक्यात. सकाळी आंघोळीला कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. दुपारच्या झोपेला ‘कॉल ऑफ द व्हॅली’, कारण शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार १९६७ साली एकत्र आली ती काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस सांगायला, हे पोराला कळलंच पाहिजे. संतूर ऐकता ऐकता पोर “में में” म्हणालं, तेव्हा बापाने चार नातेवाइकांना फोन लावले. त्या आठवड्यात पोर मांजराला, सोफ्याला आणि चार पायांच्या प्रत्येक वस्तूला में मेंच म्हणत होतं, हा तपशील तेवढा सांगायचा राहिला. किशोरी आमोणकरांचा भूप दिवेलागणीनंतर. दुपारी लावला तर पोराला नको ती सवय लागेल. रविवारी जरा मोकळीक म्हणून पिंक फ्लॉइडचा १९७३ सालचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. त्यातल्या ‘टाइम’च्या सुरुवातीला सगळी घड्याळं एकदम ठणाणा करू लागतात. पोर दचकून आईच्या कुशीत शिरतं आणि बाप डोळे मिटून पुटपुटतो, “भिडलं त्याला.”

यावर हसून पुढे जाता येईल, पण बापाचा सिद्धांत तपासण्याजोगा आहे. मुलाचा कान कच्चा येतो आणि थोरामोठ्यांच्या रेकॉर्डी ऐकवून बापाने तो पक्का करायचा असतो, असं त्याचं म्हणणं. पुरावा नेमका उलट सांगतो. पीटर हेपर या मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली नवजात बाळांना ‘नेबर्स’ या टीव्ही मालिकेचं शीर्षकसंगीत ऐकवलं. ज्यांच्या आया गरोदरपणी ती मालिका नेमाने बघत होत्या, ती बाळं ती धून लागताच शांत होऊन ऐकू लागली. म्हणजे कान पोटातच कामाला लागलेला असतो आणि त्याची पहिली आवड रिमोट कुणाच्या हातात आहे यावर ठरते. आजीच्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं की पोर खेळणं टाकून हॉलमध्ये का धावतं, याचं उत्तर बापाने इथे शोधावं. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ऐकू येतो, पहिला वाढदिवस जवळ येईपर्यंत बहुतेकांची ही शक्ती ओसरते. थोडक्यात, कान सगळी दारं उघडी ठेवूनच जन्माला येतो आणि घरात जे कधीच वाजत नाही त्याची दारं हळूहळू लावून घेतो. उशीर लागतो तो जिभेला. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० साली नोंदवलेलं एक मूल ‘फिश’ला ‘फिस’ म्हणायचं, पण मोठ्या माणसाने ‘फिस’ म्हटलेलं त्याला मुळीच चालायचं नाही. आपल्याकडेही ‘तावळा’ म्हणणाऱ्या पोराला बापाने लाडाने “तावळा आला” म्हणून बघावं, ते चिडतं. योग्य उच्चार त्याला ऐकू येत असतो, फक्त तोंडातून निघत नसतो. बाप मात्र त्या चिडण्याचीही नोंद करतो : शब्दोच्चाराबाबत आग्रही. कान तयार होतोय.

इथे बाप कुमार गंधर्वांचं नाव पुढे करणार. लहानगा शिवपुत्र कोमकली, म्हणजे हेच कुमार, ग्रामोफोनवरच्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचा, त्याचं काय? उदाहरण खरं, पण अर्धं. अशा विलक्षण मुलालाही पुढे मुंबईत बी. आर. देवधरांसमोर बसून शिकावं लागलं. आणि त्याच रेकॉर्डी ज्या असंख्य घरांत वाजल्या, तिथली बाकीची मुलं मोठेपणी रेकॉर्डी ऐकणारीच झाली. मग बाप मोझार्ट ऐकून पोरं हुशार होतात या समजाकडे वळतो. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत १९९३ साली आलेला तो गाजलेला प्रयोग ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवर झाला होता. मोझार्टची दोन पियानोंसाठीची सोनाटा दहा मिनिटं ऐकल्यावर आकृत्यांच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले आणि तो परिणाम पाव तासात विरून गेला. प्रयोगात बाळ एकही नव्हतं. तरीही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी १९९८ साली तिथल्या प्रत्येक नवजाताला शास्त्रीय संगीत देण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली. तेव्हा आपल्या सोसायटीतला बाप एकटा नाही. त्याला फक्त अंदाजपत्रक मिळालेलं नाही.

“मग काय, बेबी शार्कच्या तोंडी द्यायचं पोराला?” हा त्याचा शेवटचा आणि सर्वांत जोरकस आक्षेप. त्या गाण्याने जानेवारी २०२२ मध्ये यूट्यूबवर १,००० कोटी व्ह्यूजचा टप्पा ओलांडला, हे तो जगबुडीच्या सुरात सांगतो. बालगीत म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. ‘नाच रे मोरा’ ग. दि. माडगूळकरांनी लिहिलं, पु. ल. देशपांड्यांनी चाल दिली आणि १९५३ च्या ‘देवबाप्पा’साठी आशा भोसल्यांनी गायलं, याची त्याला आठवण करून द्यावी लागते. बेबी शार्कचा तो आकडाही इतका फुगला तो त्याच त्या पोरांनी तेच ते गाणं पुन्हा पुन्हा लावायला लावलं म्हणून. या वयाचा स्वभावच तो, आणि तो फुकट जात नाही. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या गोष्टी ऐकलेल्या मुलांपेक्षा तीच गोष्ट परत परत ऐकलेल्यांना नवे शब्द जास्त लक्षात राहिले. आता जरा बापाकडे बघा. वीस वर्षं तोच भूप ऐकणारा दुसरा कोण आहे घरात? बायकोने लग्नानंतर वर्षभर ऐकला, मग स्वयंपाकघराचं दार लावायला लागली. मित्र दुवा न उघडताच अंगठा पाठवतात. संपलेली रेकॉर्ड परत लाव म्हणणारा श्रोता त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळालाय, आणि त्याला अजून नीट बोलताही येत नाही. आपला एकटा पडलेला कान सोबतीला कुणीतरी शोधतोय, हे उघड कबूल करणं कठीण; त्यापेक्षा पोराचा तयार होतोय म्हणणं सोपं.

आणि तरी, नाइलाजाने का होईना, एक गुण त्याला द्यावा लागतो. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांना २००५ साली आढळलं, की पाश्चात्त्य घरांतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन संगीतातल्या विषम लयीतली गडबड समजते, वर्षाच्या मुलांना समजत नाही. पण त्यांना घरी दोन आठवडे तसलं संगीत ऐकवलं, तर पुन्हा समजू लागते. मोठ्यांचं तेवढ्याने भागत नाही. तेव्हा ज्या घरात रूपकाच्या सात मात्रा रोज वाजतात तिथे एखादं दार किलकिलं राहत असेल, असं मानायला जागा आहे. फक्त ते काम स्पीकरवर सोडू नये. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांनी समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून मँडरिन चिनीचे ध्वनी उचलले. तीच माणसं पडद्यावर किंवा नुसती ध्वनिमुद्रणात आली, तेव्हा काहीच उचललं नाही. ते भाषेबद्दल होतं, गाण्याबद्दल नव्हे. पण पोराचा ओढा कुणाकडे असतो ते त्यातून कळतं. ते बघत असतं ते भूपाबरोबर गुणगुणताना वरच्या सुराला हमखास घसरणाऱ्या बापाच्या तोंडाकडे. यातलं पोराला पुढे काही आठवणार नाही. तिसऱ्या वर्षाआधीचं सहसा कुणालाच आठवत नाही. में में म्हटलेला सोफा, खांद्यावरची झोप, दिवेलागणीचा भूप, सगळं बापालाच एकट्याने सांभाळावं लागणार आहे. बारा-तेरा वर्षांनी तेच पोर इअरफोन घालून बसेल आणि काय ऐकतोयस असं विचारलं तर “काही नाही” म्हणेल.

म्हणून अशा सर्व बापांना एकच विनंती. रेकॉर्ड थोडा वेळ बंद करा आणि स्वतः गा, बेसूर असलात तरी. पोराने तुमच्या तोंडावर हात ठेवला तर थांबा, आणि त्याचा अर्थ लावत बसू नका.