आधी गंज, मग गाडी

आमच्या घरात प्रवासाला निघायचं ते गंज पाहून. मोठा गंज कुणाकडे तेरवीच्या स्वयंपाकाला गेला असेल, तर तो परत येईपर्यंत खुद्द महादेवालाही वाट पाहावी लागते. तारखा, सुट्ट्या, मुक्काम या किरकोळ बाबी. गंज, कोपर, सराटा, पोळपाट आणि जाडसर दळलेल्या गव्हाची थैली एवढं ओसरीवर जमलं की मोठी माय जाहीर करते, "चला, निंघा आता." कुठे निघायचं, हे त्यानंतर विचारलं तरी चालतं.

आम्ही काही पाहायला जातो असा लोकांचा समज आहे. आम्ही दुसरीकडे जाऊन स्वयंपाक करतो, आणि भाजी शिजेस्तोवर समोर डोंगर, धरण, देऊळ असं काही आलंच तर नाइलाजानं पाहतो. पेंचचं जंगल आमच्या पारशिवनी तालुक्यात आहे. कोलितमाऱ्याच्या फाटकातून लांबलांबची माणसं वाघ पाहायला जातात. जानेवारी २०२४मध्ये याच पेंचला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. काळोख इतका शुद्ध की दुर्बिणी घेऊन माणसं येतात. आमच्या घरात या विषयावरचं मत एवढंच, की घोगरा महादेवाला नदीकाठी वांग्याची भाजी झकास होते आणि रामटेकजवळ खिंडसीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते. अंधाराबद्दल मोठी माय म्हणाली, "आमच्या इथी लाइन गेली का रोजच पार्क होते."

अशा घरात रामटेकच्या आत्याबाईचा मुलगा, आमचा मेलबर्नचा दादा, कॅरॅव्हॅनचे फोटो घेऊन आला.

मोटारीच्या मागे जोडलेली एक पांढरी खोली. तिच्यात पलंग, फ्रिज, बेसिन, गॅसची शेगडी. वहिनी आणि दोन लेकरांसह ही खोली ओढत दादा ऑस्ट्रेलियाभर फिरला होता. नलरबोर नावाचं उजाड पठार आहे, तिथं हमरस्त्यावर १४६ किलोमीटरांहून जास्त अंतर एकही वळण नाही. म्हणजे पारशिवनीहून सुटायचं, स्टिअरिंग सरळ धरायचं, ते छिंदवाडा मागे टाकून पुढे जाईपर्यंत हात हलवायचा नाही. आम्ही आ वासून ऐकत होतो. मोठ्या मायनं शांतपणे विचारलं, "मंग च्या कुठी पेता?"

दादानं सांगितलं की मधे पेट्रोलपंपासारखे 'रोडहाऊस' असतात, पण ते फार लांब लांब. मोठ्या मायच्या चेहऱ्यावर त्या देशाबद्दल पहिली शंका उमटली.

दुसरा फोटो गोल्बर्न गावातला. १९८५ साली उभारलेला, पंधरा मीटर उंचीचा सिमेंटचा मेंढा, आणि त्याच्या पायाशी मुंगीएवढे दादा-वहिनी. तिकडे गावोगावी असं काहीतरी प्रचंड उभं करायची हौस आहे. कॉफ्स हार्बरला १९६४पासून एक अजस्र केळं आहे. बाबांनी चष्मा वर करून मेंढा नीट न्याहाळला. "कोणाच्या नवसाचा?" त्यांनी विचारलं. नवस नाही, लोकर, असं उत्तर आलं. एवढा मेंढा आणि नवस नाही, हे बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही.

खरा घोळ तिसऱ्या फोटोनं केला. त्यात कॅरॅव्हॅनच्या आतलं दार उघडं होतं.

"हे काय होय, बाबू?"

"टॉयलेट आहे, मामी. केमिकलवालं."

"अन् हे?"

"हा ओटा."

मोठ्या मायनं दोन बोटांनी फोटोतलं अंतर मोजलं. संडास आणि शेगडी यांच्यात वीतभर जागा नव्हती. "अवं माय!" एवढंच ती म्हणाली, पण त्या दोन शब्दांत मेलबर्नपासून पर्थपर्यंत सगळं बुडालं. त्यात दादानं प्रामाणिकपणाच्या भरात पुढचंही सांगून टाकलं, की त्या संडासाखालची टाकी भरली की ती काढून, चाकांवर ओढत नेऊन, गावातल्या 'डम्प पॉइंट'वर आपल्या हातानं रिकामी करायची असते. मोठी माय आत्याबाईकडे वळली. "इंजिनियर केलं होतं ना वं याले?"

आत्याबाईनं विषय बदलला, आणि तिच्यापाशी विषय होताही. दादाला तिकडची कायमची वस्ती, म्हणजे पीआर, मिळावी म्हणून तिनं पचमढीजवळच्या चौऱ्यागडाच्या महादेवाला त्रिशूल बोलला होता. पीआर आली होती, त्रिशूल राहिला होता. महाशिवरात्र तोंडावर होती. गंज घरीच होते.

विदर्भातल्या माणसाला पचमढी म्हटलं की थंड हवा आठवत नाही, बडा महादेव आठवतो. कॅप्टन फॉर्सिथ नावाच्या इंग्रजानं हे पठार जगापुढे आणलं म्हणतात. त्याचं मध्य भारताच्या डोंगरांवरचं पुस्तक १८७१चं, आणि त्याचा 'बायसन लॉज' बंगला तिथं अजून उभा आहे. मग नागपूरचे गोरे साहेब उन्हाळ्यात आख्खं सरकार उचलून वर न्यायला लागले. पचमढी ही मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी. साहेब फायली घेऊन चढायचे, आमची माणसं त्रिशूल घेऊन. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा मोठा पेच झाला. महादेव मध्य प्रदेशात राहिले आणि भक्त मुंबई राज्यात गेले. दोन्ही बाजूंनी ही गोष्ट अजून मनावर घेतलेली नाही.

आमचे आजोबा, म्हणजे आबाजी, जायचे ते दमणीनं. वर छप्पर, खाली तणसाची गादी, गादीवर सतरंजी, कण्याला टांगलेली वंगणाची नळी, मागे बांधलेला कडबा. घरची माणसं आणि धुरकरी मिळून एका गाडीत जेवढी मावतील त्याहून दोन जास्त. नदी लागली की बैल सोडायचे, तीन दगड मांडायचे. बैलाला विसावा पाहिजे म्हणून माणसांना जेवण मिळायचं, आणि हा हिशेब आमच्या रक्तात इतका भिनला आहे की आता इंजिनला विसावा नको असला तरी आम्ही देतो. महाराष्ट्र शासनानं २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. बाबांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा मोठी माय म्हणाली, "आता सांगून राहिले?"

तर यंदाचा आमचा जथा असा. पुढे भाड्याची जीप, तिच्यात माणसं. मागे चुलतभावाचा छोटा हत्ती, त्यात संसार. गंज, सिलिंडर, ताडपत्री, गाद्या, गवऱ्यांचं पोतं, आणि मधोमध लाल कापडात गुंडाळलेला त्रिशूल. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत असा कायदा असल्यामुळे ही वाटणी. दादा म्हणाला, ऑस्ट्रेलियातही चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये बसायला मनाई आहे, माणसं पुढच्या मोटारीत. दोन देशांचे कायदे इतके जुळताना पाहून बाबांना भरून आलं. फक्त तिकडे खोली मोटारीला हूकनं जोडलेली असते. आमची दोन वाहनं मोठ्या मायच्या नजरेनं जोडलेली होती. ती जीपमध्ये मागे तोंड करून बसली आणि छोटा हत्ती वळणाआड गेला की "थांबव, थांबव" करायची. सिल्लेवानीच्या घाटात वळणांना तोटा नाही. त्या घाटात आम्ही जेवढं थांबलो तेवढं बैलसुद्धा थांबले नसतील.

सावनेरला तर्री-पोह्यांचा वास जीपमध्ये शिरला. दादाचे डोळे पाणावले. तर्रीनं की आठवणीनं, कळलं नाही. पण बाहेरचं खाणं म्हणजे मागच्या गाडीतल्या गंजांचा अपमान. "पोहे कायले विकत घेता? दोन किलो आणले ना मी." ते दोन किलो सौंसरच्या अलीकडे एका चिंचेखाली भिजले. जामसावळीच्या झोपलेल्या मारुतीला नमस्कार केला. वहिनीनं विचारलं, मारुती आडवा का? मोठी माय म्हणाली, "तुमच्या तिकळे मेंढा उभा हाय ना? असते एकेका गावाचं."

सौंसरच्या बाजारात मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदतात. छिंदवाड्यापर्यंत हिंदी जिंकते, पण यात्रेच्या दिवसांत पाट्या सोडून सगळं मराठीच ऐकू येतं. मागून-पुढून ट्रॅक्टर, पिकअप, एसटीतून उतरून पायी निघालेली पोरं, गळ्यात डफ, खांद्यावर त्रिशूल. समोरून गाडी आली की "हर हर महादेव" आणि इकडून उलट "हर हर महादेव". दादा म्हणाला, तिकडे कॅरॅव्हॅनवाले एकमेकांना दिसले की स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात. एक बोट! दिवसभर घसा बसेपर्यंत ओरडल्यावर मला त्या बोटाचं महत्त्व कळलं.

परासियाच्या पुढे मुक्काम. ताडपत्री टाकली, गाद्या पसरल्या, आणि दादानं खिशातून फोन काढून गादीवर ठेवला. त्यात म्हणे गवंड्याच्या पाणसळीसारखी सोय असते. कॅरॅव्हॅन उभी केली की आधी चाकाखाली ठोकळे सरकवून ती समतल करतात, नाहीतर रात्रभर रक्त डोक्याकडे जातं. फोनवरचा बुडबुडा एका बाजूला पळाला. दादा गादीखाली गवऱ्या सरकवू लागला. बाबा थोडा वेळ पाहत राहिले, मग उशी उचलून उताराच्या वरच्या टोकाला ठेवली आणि झोपले. सकाळी दोन गवऱ्यांचा चुरा निघाला. मोठ्या मायनं तो हिशेबात धरला.

तामियाला दरीच्या काठावर चहा झाला. खाली पातालकोटाचा मुलूख, समोर सातपुड्याच्या रांगा, एकीमागे एक निळ्या होत गेलेल्या. सगळे थोडा वेळ गप्प होते. एरवी आमच्यात कुणी गप्प बसलं की साखर कमी पडली असं समजतात, म्हणून आत्याबाईनं सगळ्यांच्या कपात पुन्हा साखर टाकली.

महाशिवरात्रीच्या गर्दीबद्दल काय सांगावं! मटकुलीपासून गाड्या मुंगीच्या पावलांनी. चौऱ्यागडाला तेराशेच्या आसपास पायऱ्या, आणि त्यांवर नागपूर, अमरावती, वर्धा, भंडारा सगळे एकाच वेळी चढत असतात. दहा-बारा किलोचा त्रिशूल दादाच्या खांद्यावर. शेजारून एक पोरगं त्याच्याहून चौपट वजनाचा घेऊन, वर गाणं म्हणत पुढे गेलं. वर त्रिशुळांचं रान आहे. वर्षानुवर्षांचे नवस एकमेकांवर रेललेले. नोकऱ्या, लग्नं, लेकरं, कोर्टकचेऱ्या. त्यांत आमची पीआर उभी केली. आत्याबाईनं डोळे मिटून महादेवाला काय सांगितलं ते कुणाला सांगितलं नाही, पण परतताना ती दादाला म्हणाली, "तो मोकळा झाला. आता तू कधीमधी येत जाय."

दादा पायऱ्या उतरताना माकडानं त्याच्या हातातली पिशवी नेली. आत उपासाचा चिवडा होता. तिकडे संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर उड्या मारतात म्हणून कॅरॅव्हॅनवाले अंधाराच्या आत मुक्काम गाठतात, हे ज्ञान त्याला इथं कामाला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उपास सुटला आणि परतीच्या वाटेवर, तामियाच्या अलीकडे, ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच केला ते घडलं. रोडगे. जाड कणीक तेल-मीठ घालून मळलेली, पदरावर पदर दुमडलेली, गोळे गवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरलेले. मोठ्या गंजात वांग्याची भाजी, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर. वरणाला लसणाची फोडणी. राख झटकून रोडगा फोडायचा, त्यावर तूप ओतायचं, गूळ कुस्करायचा. वहिनीनं दुसरा मागितला तेव्हा मोठ्या मायनं ऑस्ट्रेलियाला बरंच माफ केलं.

इतकं, की ती म्हणाली, "येतो मी तुमच्या तिकळे. त्या बिनवळणाच्या रस्त्यावर रोडगे करू. कणीक नेतो, वांगे तिथी भेटंनच."

दादानं सांगितलं, कणकेचं पाहू, पण गवऱ्या विमानतळावर काढून घेतील. शेणामातीच्या बाबतीत तिकडचे कस्टमवाले फार कडक.

"न्यायच्या कायले? गाई नाहीत काय तिकळे?"

गाई होत्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲना क्रीक नावाचं एकच कुरण आख्ख्या नागपूर जिल्ह्यापेक्षा मोठं आहे, हे दादानं सांगितलं. मोठ्या मायचा हात निखाऱ्यावर थबकला.

"मंग तेवढं शेण उचलते कोन?"

इथं दादा अडखळला, कारण खरं उत्तर त्याला माहीत होतं. तिथल्या किड्यांना कांगारूंच्या लेंड्यांची सवय. गाईचं शेण त्यांना आवरेना, ते माळावर तसंच पडून राही आणि माश्या माजत. शेवटी १९६०च्या दशकात तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी परदेशांतून, आफ्रिकेतूनसुद्धा, शेणकिडे आणून सोडले.

मोठी माय बराच वेळ काही बोलली नाही. पोत्यात उरलेल्या गवऱ्या तिनं एकदा मोजल्या, परत मोजल्या.

"आफ्रिकेहून किडे बलावले," ती आत्याबाईला म्हणाली, "पन पारशिवनीत एक चिठ्ठी नाही टाकली कोनं."