मॅक्रो नाही म्हणून

‘मॅक्रो लेन्स घेतली की कोळ्यांकडे वळणार’ म्हणणाऱ्यांचं सगळं आयुष्य वाढदिवसांचे फोटो काढण्यात जातं. अहो, जुनी ५० मिमीची लेन्स घ्या, मागे ५० मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब लावा. किडा सेन्सरवर खऱ्या मापाचा उमटतो. ट्यूबमध्ये काच नसते, नुसती पोकळी. पोकळीला पैसे मोजणं जिवावर येत असेल तर लेन्सच उलटी धरा. (लोक हसतील, कोळी हसत नाही.) आणि सह्याद्रीतल्या जायंट वुड स्पायडरला तर मोबाइलही पुरतो: मादी पायांसकट तळहाताएवढी, जाळ्यात उलटी लटकलेली, शेजारी नखाहून लहान नवरोबा, जीव मुठीत धरून. फक्त पार्श्वभूमी ‘स्वच्छ’ करायला फांद्या मोडू नका. जाळं त्यांच्यावरच बांधलेलं असतं.