बिऱ्हाड खिशात

पोर्टेबल सॉफ्टवेअर म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. 2004 साली जॉन हॅलर यांनी फायरफॉक्स पेनड्राइव्हवरून चालेल असा केला आणि ऑफिसातल्या ‘अ‍ॅडमिनला विचारा’ या फर्मानाला बगल द्यायची सोय झाली. इन्स्टॉल नको, रजिस्ट्रीत नोंद नको. बुकमार्क, सेटिंग सगळं त्याच फोल्डरात.

आयटीवाल्यांची झोप उडाली ती उगाच नव्हे. 2008 मध्ये उगवलेला कॉन्फिकर नावाचा संगणक-वर्म पेनड्राइव्हच्या ‘ऑटोरन’वर स्वार होऊनही पसरला. मग कुठे मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 मध्ये पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं.

गंमत म्हणजे पुढे याच कंपनीने अख्खं विंडोज यूएसबीवर बसवणारं ‘विंडोज टू गो’ आणलं, तेही मुख्यतः बड्या कंपन्यांसाठी, आणि 2020 मध्ये गुंडाळलं.

पोर्टेबलवाले मजेत आहेत. ‘सेफली रिमूव्ह’ न करता काडी खसकन ओढतात. फाइल उडाली की शिव्या पेनड्राइव्हला.