जरा कळ काढ

आमचा भाचा कीबोर्ड करतो. विकत घेत नाही, करतो. ताई दिवाळीत चकल्या करते तसा. चकल्या निदान करून झाल्या की संपतात.

ताईचा मिसळणाचा जुना डबा सध्या त्याच्या टेबलावर असतो. एका वाटीत निमूट दबणारी बटणं, दुसरीत मधेच ठेच लागल्यासारखी अडखळणारी, तिसरीत टकटक वाजणारी. हळदीच्या वाटीत डायोड: तांदळाच्या दाण्याएवढे, काचेचे, एका टोकाला काळी रेघ. डबा उघडला की अजून हिंगाचा वास येतो. टेबलाजवळ गेलं की तो वर न बघता म्हणतो, "मामा, जरा कळ काढ." मी थांबू की कीबोर्डचं बटण उपटून देऊ, हे मला आजवर कळलेलं नाही.

या उद्योगाचा मेंदू म्हणजे रास्पबेरी पाय पिको. २०२१च्या जानेवारीत चार डॉलरला बाजारात आलेली, करंगळीपेक्षा आखूड हिरवी पट्टी. पुण्याच्या तापकीर गल्लीतून त्याने एकदम पाच आणल्या. "एक जळली तर?" म्हणाला. अद्याप एकही जळलेली नाही. पाचही कामाला लागल्या आहेत, ही ताईची खरी तक्रार.

शिकवायला बसला की मात्र पोरगा गोड बोलतो. "६० कळांना ६० पिना कुठून आणणार, मामा? पिकोला आहेत २६. म्हणून ५ आडव्या ओळी, १२ उभ्या. १७ पिनांत संसार. पिको एकेक ओळ चाचपत बसते, सेकंदाला शेकडो वेळा." मग डायोड कशाला? "चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले तर चौथा आपोआप उमटतो. भूत!" कुणी न दाबलेलं अक्षर पडद्यावर येऊ नये म्हणून दर कळीला एक डायोड. भूत उतरवायचा इतका स्वस्त उपाय मी दुसरा पाहिला नाही.

पण डायोडला दिशा असते. पहिल्या कीबोर्डाचे साठच्या साठ डायोड याने उलटे जोडले. पहाटे तीनपर्यंत घरभर राळेचा धूर; एकेक उपटला, फिरवला, पुन्हा डाग दिला. दुसऱ्या दिवशी कळलं, की सगळेच उलटे असले तर क्यूएमकेमध्ये, म्हणजे त्या पट्टीत भरायच्या प्रोग्राममध्ये, एक शब्द बदलला तरी भागतं.

"मग बदल की!"

"आता बदलला तर पुन्हा उलटं होईल ना, मामा."

पुढचा कीबोर्ड दोन तुकड्यांचा. मनगटाला बरा म्हणे. त्यावर मराठीसाठी इनस्क्रिप्ट: काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. यूएसबी उजव्या तुकड्याला, आणि मधली वायर जरा सैल. ती नेमकी निसटली तेव्हा हा आत्याला नागपूरला 'सगळे ठीक' असं लिहीत होता. मान खाली घालून एन्टर दाबला. आत्याला पोचलं, 'सगळ ठक'. तिने ताबडतोब ताईला फोन लावला. तो फोन पाऊण तास चालला आणि त्यात कीबोर्डचा विषय फारसा नव्हता.

एवढ्या खटाटोपानंतर त्यावर तो लिहितो काय, असं मी एकदा विचारलं. "टेस्टिंग," म्हणाला. म्हणजे शब्दशः तेच, चाळीस ओळी. पासपोर्टचा अर्ज भरायचा होता तेव्हा मात्र खाली माझ्याकडे आला, माझ्या तीनशे रुपयांच्या, 'न' पुसट झालेल्या कीबोर्डवर दोन बोटांनी वीस मिनिटांत भरून गेला. त्याचे चारही तेव्हा उघडलेले होते.

परवा ताईने मिसळणाचा नवा डबा आणला. सात वाट्या आहेत. पाचांत अजून मसाला आहे.