‘सेट’ : एका अस्थिर शब्दाचा अभ्यास

ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, तेव्हा तीत ‘सेट’ या क्रियापदाइतकी लांब नोंद दुसऱ्या कोणत्याही शब्दाची नव्हती. त्याच्या 430हून अधिक अर्थच्छटा मांडायला सुमारे 60,000 शब्द खर्ची पडले होते. पुढे सुधारित नोंदींच्या काळात हा मान ‘रन’ या क्रियापदाने 645 अर्थांच्या बळावर पळवला. या कोशाची खिशाला परवडणारी एकखंडी धाकटी आवृत्ती, तिचा कणा पाहुण्यांना नीट दिसेल अशा बेताने मांडून ठेवणाऱ्या मराठी विद्वानांचा एक वर्ग असून प्रस्तुत लेखक त्याचा ज्येष्ठ सभासद आहे. आपल्याला इंग्रजी येते या त्या वर्गाच्या समजुतीला ‘सेट’ची नोंद उघडून वाचण्याइतका धोका दुसरा नाही.

मराठीत ‘बसणे’पासून ‘बसवणे’ व्हावे, तसे इंग्रजीत ‘सिट’शेजारी ‘सेट’ हे प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया घडवून आणणारे रूप, आहे. त्यामुळे त्याने मोडलेले हाड आणि अंगठीतला खडा बसवावा हे समजते. परंतु सूर्याने मावळावे आणि जेलीने थिजावे तेही याच शब्दाने, शिवाय तो वर्तमानात आणि भूतकाळात एकच रूप धारण करतो, हा विद्वानांवर अन्याय आहे.

स्थापत्यशास्त्रातला अर्थ मात्र विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण प्रस्तुत लेखकाला तो आवडतो. पाण्यात कालवलेल्या सिमेंटचा मऊपणा जाऊन ते आकार धरू लागते, या क्रियेला ‘सेटिंग’ म्हणतात. साध्या पोर्टलँड सिमेंटने 30 मिनिटांच्या आत सेट होऊ लागू नये आणि 600 मिनिटांच्या आत पूर्ण सेट व्हावे, असे भारतीय मानक सांगते; ही वेळ विकॅट नावाच्या उपकरणाची सुई त्यात किती रुतते यावरून ठरते. सिमेंट फार लवकर सेट झाले तर गवंड्याला ते पसरायला सवडच मिळत नाही, म्हणून कारखान्यात दळतानाच त्यात जिप्सम घालतात, म्हणजे सेट होण्याला मुद्दाम उशीर करतात. शिवाय सेट झालेले सिमेंट मजबूत झालेले असतेच असे नाही. त्याची ताकद 28 दिवसांनी तपासतात आणि तोवर त्याला पाणी मारत राहणे गवंडी कर्तव्य मानतो.

एवढा समंजस विचार मराठी समाजाने माणसांबाबत केलेला नाही. मराठीत केस, दही आणि मोबाइल सेट होतात, पण ‘मुलगा सेट झाला’ या वाक्यात नोकरी, फ्लॅट आणि लग्न या तिन्ही गोष्टी एकदम अभिप्रेत असतात. त्यातच महाराष्ट्र आणि गोवा यांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ सहायक प्राध्यापकपदाची जी राज्य पात्रता परीक्षा घेते, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरेही ‘सेट’ अशीच जुळतात. ती उत्तीर्ण झालेले कित्येक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवत राहतात, पुढच्या सत्रात तास मिळतील की नाही हे त्यांना ठाऊक नसते, आणि लग्नाच्या पंगतीत “काय रे, झालास का सेट?” असे कोणी विचारले की होकार आणि नकार ही दोन्ही उत्तरे खरी असल्यामुळे ते मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावतात. चाळिशीला आलेल्या, पोटतिडकीने शिकवणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, यात त्याचा काही दोष नसतो. रिकाम्या जागा त्याने रिकाम्या ठेवलेल्या नसतात.

अशा पंगतीत जिप्समचे काम करणारा, प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये नेटाने विषयांतर करणारा एखादा काका प्रत्येक घराण्याने नेमावा, अशी येथे सूचना आहे. वय, जाडा चष्मा आणि कोणतीही गोष्ट लांबवण्याचा प्रदीर्घ अनुभव पाहता या पदाला प्रस्तुत लेखकाइतका पात्र उमेदवार सापडणे कठीण असून, मानधन तासिका तत्त्वावर मिळाले तरी त्याची हरकत नाही.