पेंगणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका (मीरा-भाईंदर आवृत्ती)

अभिनंदन! मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या लागू पडताहेत, मन ठिकाणावर येतंय, आणि आता भर ऑफिसात सकाळी अकराला डोळे मिटताहेत. घाबरू नका. पुढच्या पायऱ्या क्रमाने वाचा. मध्येच डोळा लागला तर उठल्यावर पुढे वाचा.

१. गुन्हेगार ओळखा. मेंदूला जागं ठेवणाऱ्या रसायनांपैकी एक म्हणजे हिस्टामिन. क्वेटियापिन, ओलांझापिन, मिर्टाझापिन ही मंडळी त्याचीच वाट अडवतात. म्हणजे पेंग येते ती औषधाने, आळसाने नव्हे. हे वाक्य पाठ करा, चौथ्या पायरीला लागेल.

२. गाडी निवडा. चर्चगेटहून परतताना विरार फास्टचा मोह सोडा, भाईंदर लोकल धरा. ती भाईंदरलाच संपते, त्यामुळे मीरा रोडकर कितीही गाढ झोपला तरी एकच स्टेशन पुढे जातो. विरार गाडीत जाग आल्यावर खाडी आणि पाणजू बेट दिसलं, तर निमूट नायगावला उतरा. दारात उभं राहून पेंगायला मात्र सक्त मनाई. आत सरका आणि बिनदिक्कत डोळे मिटा. अर्धा डबा गोळीशिवायच घोरत असतो.

३. हिशेब मांडा. क्लोनाझेपामच्या गोळीचा अंगातला अंश निम्म्यावर यायलाच साधारण ३० ते ४० तास जातात. सोमवारी रात्री घेतलेली गोळी मंगळवारी तुमच्यासोबत ऑफिसला येते, तीही पासाशिवाय. त्यात मेडिकलवाल्याकडून सर्दीची गोळी आणलीत तर पेंगेला सोबतीण मिळते. दारूचा तर विषयच नको. गोळी आणि दारू ही जोडी श्वासावर बेतू शकते.

४. सल्लागार मंडळाला तोंड द्या. सोसायटीतल्या काकू म्हणतील, ‘‘किती आळशी झालास! या गोळ्यांची सवय लागते हो, सोडून दे.’’ मान डोलवा. तशीही ती डुलतच असते. मग पहिल्या पायरीचं वाक्य म्हणा आणि चहा मागा.

५. किल्ली द्या. अंगात जडपणा असेपर्यंत घोडबंदर रोडला स्कूटर काढायची नाही. इथे विनोद संपतो.

६. डॉक्टरांकडे तक्रार करा. ‘बरं आहे’ एवढंच सांगून केबिनबाहेर पडणाऱ्याला या परीक्षेत शून्य गुण. गोळी किती वाजता घेता, पेंग कधी येते, किती वेळ टिकते, आणखी कोणती औषधं चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. बऱ्याच जणांची पेंग काही आठवड्यांत ओसरते. नाही ओसरली, तर डॉक्टर गोळीची वेळ बदलतात, मात्रा कमी करतात किंवा औषधच बदलतात. रात्री मालिका संपेपर्यंत गोळी लांबवलीत, तर सकाळचा दोष मात्र डॉक्टरांना देऊ नका.

७. नापास होण्याची खात्रीशीर पद्धत. आपल्या मनाने गोळी बंद करणे. पेंग जाईल, पण मूळ दुखणं परतू शकतं, आणि काही गोळ्या एकदम तोडल्या तर झटकेही येऊ शकतात.

हाका मारूनही माणूस उठत नसेल, बरळत असेल किंवा श्वास मंदावला असेल, तर ही मार्गदर्शिका बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. एरवी मनाचं काही विचारायचं असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो. गोळी सोडावीशी वाटली, तर आधी डॉक्टरांना विचारा. काकूंना नंतर सांगता येईल.