अर्धंच दे, बस!

पथ्य पाळणारे काका तुमच्याही सोसायटीत असणारच, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. दुधीचा रस, मोड आलेले मूग, रात्री भिजवलेली मेथी, नाचणीचं आंबील हे सगळं ते पोटभर घेतात. बाकी भूतलावर खाण्याजोगं जेवढं आहे, ते मात्र अर्धंच. बडोद्यातल्या आमच्या गोरव्यात कुणाच्याही घरी बशी पुढे आली, की आधी काकांचा तळहात आडवा येतो. "नाही हं, पथ्य आहे." मग तोच तळहात उताणा होतो. "बरं, अर्धंच दे. बस!"

दसऱ्याला बडोद्यात आपट्याच्या पानांच्या आधी फाफडा-जिलेबी घरात यावी लागते. काका उजाडायच्या आत रांगेत उभे राहतात, कारण तेवढंच चालणं होतं. तिथून पुडा घेऊन थेट माझ्या दारात. "घे ने! अर्धी तू, अर्धी मी." जिलेबी मोडायचं त्यांचं एक शास्त्र आहे. बाहेरचा वेढा मला, आतला गाभा त्यांना. लांबी मोजली तर वाटणी चोख निघते. पाक मोजायला कोण बसलंय? फाफडाही निम्मानिम्मा होतो. सोबतचा पपईचा संभारो मात्र सगळा त्यांच्याकडे. "पपई औषधी असते."

सेव-उसळीच्या गाडीवर अर्धी प्लेट मिळत नाही. गाडीवाला हे त्यांना दर खेपेला नव्यानं सांगतो. मग एक प्लेट दोघांत. वाटाणे निम्मे होतात, पण तर्री पुन्हापुन्हा येत राहते, वरून शेव, हिरवा कांदा, लसणाची चटणी येत राहते, आणि मागाहून आलेलं काही काकांच्या हिशेबात धरत नाहीत. पाव ते घेत नाहीत, मैदा वर्ज्य. माझ्या पावातला अर्धा बशी पुसायला घेतात. अन्न वाया घालवू नये, असं त्यांच्या आईचं सांगणं होतं.

एकदा जुन्या शहरात जाणाऱ्या बसमध्ये मी त्यांना गाठलं. डॉक्टरांनी कालच दम दिलेला. "कुठे निघालात?" म्हटलं, तर म्हणाले, "सयाजीराव महाराज 1887 साली तब्येतीसाठी विलायतेला गेले. मी मांडवीपर्यंतसुद्धा जायचं नाही का?"

पण काकांची खरी कर्तबगारी पेढ्यात. कुणाच्या तरी नातीच्या दहावीचे पेढे आले होते, रावपुऱ्यातल्या दुलीरामचे, खरपूस, तपकिरी. डब्यात शेवटचा एक उरला. काकांनी अर्धा खाल्ला. तासाभरानं उरलेल्याचा अर्धा. चहाच्या वेळी त्याचा अर्धा. संध्याकाळी काकूंनी डबा घासायला घेतला, तेव्हा काका ओरडले, "अगं, पेढा आहे त्यात!" भिंग घेऊन पाहिलं असतं तर दिसलाही असता. अर्धा, पाव, अष्टमांश अशी बेरीज कितीही वेळ करत बसलं तरी एकपर्यंत पोचत नाही, एवढं गणित काकांना येतं. त्याच बळावर "मी अख्खा पेढा खातच नाही" असं ते डॉक्टरांना छातीवर हात ठेवून सांगतात, आणि डॉक्टर ते कागदावर लिहून घेतात.

त्यांना कुणी खोडून काढू शकत नाही, कारण पुरावा तयार असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं, की मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि 25 च्या आत आणली तर आणखी बरं. मीच हे त्यांना धाक घालायला वाचून दाखवलं. काकांचा चेहरा उजळला. "बघ! त्यांनीपण अर्धंच केलं ने!"

व्यायामाचंही तसंच. बडोदं म्हणजे तालमींचं गाव. दत्तात्रय मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे 10 खंड इथूनच काढले; काकांच्या फडताळात त्यातले 5 आहेत. लहानपणी जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात मल्लखांबावर चढायचो, असं ते सांगतात. किती वर, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

अर्ध्याचं हे खूळ त्यांना नोकरीतून जडलं असावं. आमचा भाग औषधांचा. त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी 1907 साली सुरू केलेलं अलेंबिक शेजारीच, आणि इतर लहान-मोठे कारखानेही आजूबाजूला. अशाच एका लहान कारखान्यात काका तपासणी विभागात होते. मधोमध रेघ असलेली गोळी मोडल्यावर दोन्ही तुकडे सारख्या वजनाचे भरतात की नाही, हे पाहण्यात हयात गेली. अशा माणसाला निवृत्तीनंतर सुतरफेणी हाती लागली तर दुसरं काय होणार?

लेक कॅनडात. तिला पार्सल जातं: लीलो चेवडो, भाखरवडी, खारी शिंग. पण नमुना तपासल्याशिवाय माल फाटकाबाहेर सोडायचा नाही, ही जुनी शिस्त. त्यामुळे प्रत्येक पुडा फोडला जातो, निम्मा बरणीत राहतो, निम्मा मेणबत्तीवर पिशवी चिकटवून विमानात बसतो. मला ही सरळ चोरी वाटायची. एका रविवारी सकाळी वर्तमानपत्र मागायला गेलो, तर काका मोबाईल बरणीला टेकवून समोर बशी घेऊन बसलेले. तिकडे शनिवारची रात्र, लेकीच्या हातात तिचा निम्मा पुडा. इकडे यांचा. "घे ने," ते पडद्याला म्हणाले, आणि तिनं घेतल्यावर यांनी घेतला. बरणी आठवड्यातून एकदाच उघडते, असं काकू नंतर म्हणाल्या. मधल्या दिवशी कितीही आग्रह केला तरी हात लावत नाहीत.

आमच्याच मजल्यावर एक तरुण राहतो. शिस्तीचा आहे. मोबाईलमध्ये घासाघासाची कॅलरी भरतो, सहा दिवस उकडलेलं खातो, आणि सातव्या दिवशी परवानगीचा अख्खा पिझ्झा दार लावून एकटाच संपवतो. खोका खाली कचऱ्यात दिसतो तेव्हा आम्हाला कळतं. शास्त्र त्याच्या बाजूचं असेल. पण त्यानं आजवर कुणाची बेल वाजवलेली नाही. काकांच्या पथ्यानं अख्खी सोसायटी ओळखीची करून ठेवली आहे. कारण अर्धं खायचं, तर उरलेल्या अर्ध्यासाठी माणूस शोधावाच लागतो. जिन्यातल्या भांडणानंतर दोन घरांत अबोला होता, तो एका समोशाच्या दोन तुकड्यांनी मोडलेला मी पाहिला आहे. हे मान्य करायला जड जातं, पण करतो.

परवा काकांचा रिपोर्ट आला. साखर ताब्यात, वजन ताब्यात. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. लगेच माझाही आला, आणि मला मात्र चांगलंच फैलावर घेतलं. काकांच्या प्रत्येक अर्ध्याचं दुसरं अर्धं इतकी वर्षं कुठे जात होतं, हा प्रश्न वैद्यकशास्त्राला पडलाच नव्हता.

काकांना सांगितलं, आता पथ्य मला. उद्यापासून माझा वाटा बंद.

ते एकदम गंभीर झाले. खुर्ची ओढून जवळ बसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच विचार करून म्हणाले, "चिंता करू नको. तुझ्या वाट्यातलं अर्धं मी घेत जाईन."